चवीच्या संशोधनाचे यंत्र इंदूरलाच घडावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सराफा आणि छप्पन दुकान येथील खाद्यपदार्थांवर आलेला लेख वाचला. खवय्यांचे शहर म्हणून इंदूरचे कौतुक नेहमीच होते आणि ते योग्यही आहे. परंतु चव मेंदूला कशी कळते याचा शोध घेण्यासाठी लागणारे, जिभेवर नेमक्या क्षणी चवीचा द्रव सोडणारे एक यंत्र याच शहरात घडू शकते, याकडे मी आपल्या वाचकांचे, विशेषतः अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांचे, लक्ष वेधू इच्छितो.

सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये मांडलेल्या तत्त्वावर आधारलेल्या फंक्शनल एमआरआयमध्ये रक्तातील ऑक्सिजनच्या चढउतारावरून मेंदूचा कोणता भाग कामाला लागला आहे हे कळते. दृष्टीचा अभ्यास करायचा तर पडद्यावर चित्र दाखवता येते, श्रवणाचा करायचा तर हेडफोन लावता येतो. चवीसाठी मात्र प्रत्यक्ष द्रवच, ठरल्या क्षणी आणि ठरल्या मापाने, उताण्या झोपलेल्या माणसाच्या जिभेवर पोहोचवावा लागतो. एमआरआयच्या खोलीतले चुंबक बहुधा ३ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक), म्हणजे लोखंडी वस्तू जोराने खेचणारे असते आणि ते रात्रंदिवस चालू असते. त्यामुळे पंप आणि मोटर शेजारच्या नियंत्रण कक्षात ठेवून फक्त प्लॅस्टिकच्या नळ्या भिंतीतील खास मार्गाने आत न्याव्या लागतात. दीड मिलिमीटर आतल्या व्यासाची आठ मीटर लांब नळी घेतली, तर तिच्यातच सुमारे १४ मिलिलिटर द्रव मावतो आणि जिभेवर सोडायचा असतो जेमतेम अर्धा ते एक मिलिलिटर. अधिक सोडला तर माणसाला ठसका लागण्याची भीती असते. शिवाय गिळताना डोके हलते आणि एक-दोन मिलिमीटरची हालचालही प्रतिमा बिघडवते.

खरी कसोटी नळीच्या टोकाशी लागते. नळी मऊ असेल तर दाबाने ती किंचित फुगते आणि पंप थांबल्यावर हळूहळू आक्रसताना आणखी द्रव पुढे ढकलते. टोकाशी एक थेंब लोंबत राहतो आणि काही सेकंदांनी, कोणाची अपेक्षा नसताना, जिभेवर पडतो. मेंदूतील रक्तप्रवाहाचा प्रतिसाद मुळातच पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. त्यात असा भरकटलेला थेंब मिसळला की कोणता संकेत कशाचा, हे सांगणे अशक्य होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी वेळ अशीच चुकते. म्हणून नळी टेफ्लॉनसारखी टणक हवी, प्रत्येक चवीसाठी स्वतंत्र हवी आणि पंप थांबताच सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढण्याची सोय हवी. क्विनाइनचा कडूपणा तर इतका चिवट असतो की एकाच नळीतून आधी तो आणि मग साखरेचे पाणी सोडण्याचा विचारही करू नये. तुलनेसाठी नुसते पाणीही चालत नाही, कारण पाण्यानेही मेंदूतील चवीचे केंद्र जागे होते. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट यांचे, लाळेशी जुळणारे अगदी सौम्य द्रावण वापरतात.

प्रचलित यंत्रे मुख्यतः गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूम यांतली रुचकर चव) या पाच चवी समोर ठेवून बनलेली आहेत. आपल्या परंपरेतील षड्रसांत तिखट आणि तुरटही येतात. तिखटाची जाणीव चवीच्या कळ्यांऐवजी वेदना आणि उष्णता जाणणाऱ्या नसांतून होते आणि तुरटपणात स्पर्शाचा वाटा मोठा असतो, हे खरे. तरी आपल्या ताटातून ते वगळता येत नाहीत. मिरचीतील कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने खळखळून धुतल्याने जीभ मोकळी होत नाही. ती कशी मोकळी करावी आणि दोन चाचण्यांत किती अवकाश ठेवावा, याचा विचार आपण केला नाही तर दुसरे कोण करणार?

येथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात कणत्वरकांसाठी चुंबकांवर काम होते, एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयआयटी आहे आणि एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आहे. या संस्थांतील काही विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन वर्षभराचा प्रकल्प म्हणून हे काम हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते. केमोथेरपीनंतर अन्न बेचव लागणारे रुग्ण, कोविडनंतर चव नीट परत न आलेली माणसे आणि वयोमानाने जेवणावरची वासना उडालेली वडीलधारी मंडळी आपल्या प्रत्येकाच्या परिचयात आहेत. त्यांची तक्रार जिभेची की मेंदूची, हे समजून घेण्याचा मार्ग अशा यंत्रावाचून खुला होत नाही.

आरंभी स्कॅनरची गरजही नाही. टेबलावर नळ्या मांडाव्यात, टोकाखाली मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा काटा ठेवावा आणि प्रत्येक वेळी अर्धा मिलिलिटर पाणी, म्हणजे अर्धा ग्रॅम, नेमक्या क्षणी पडते का ते शेकडो वेळा तपासावे. त्यात खरे उतरल्यावरच नैतिकता समितीची परवानगी घेऊन माणसावर प्रयोग करावा. यंत्राचा आराखडा कोणत्याही महाविद्यालयाला फुकट वापरता यावा, अशी अट मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, रामबाग, इंदूर