तुमच्या सविस्तर उत्तराबद्दल, आणि त्यामागच्या संशोधनाबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही. पीएच.डी. करताना तुमचा एक शोधनिबंध समोर ठेवून मी सुझुकी कपलिंग (पॅलेडियमच्या मदतीने दोन रेणू कार्बनला कार्बन जोडून एक करणारी रिॲक्शन) लावत होते आणि यील्ड, म्हणजे हाती येणारं उत्पादन, काही केल्या वर येत नव्हतं. शेवटी निबंधावरच्या पत्त्यावर तुम्हाला ई-मेल केला. तुमच्याएवढ्या ज्येष्ठ संशोधकाने अनोळखी विद्यार्थिनीला उत्तर द्यावं, अशी माझी अपेक्षाही नव्हती.

तुम्ही उत्तर दिलंत, आणि तेही किती बारकाईने! तुम्ही लिहिलंत: टीएलसीवरचा (रिॲक्शनमध्ये काय काय आहे ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवरचा) तो नको असलेला ठिपका बहुधा बोरॉनिक ॲसिडचेच, म्हणजे जोडायच्या दोन घटकांपैकी एकाचेच, दोन रेणू एकमेकांना जोडले गेल्याचा आहे, म्हणजे फ्लास्कमध्ये ऑक्सिजन राहतोय. कॅटॅलिस्ट घालण्याआधी सॉल्व्हंटमधून नायट्रोजन भरपूर वेळ सोडा. टेट्राकिस, म्हणजे ते पॅलेडियमचं कॅटॅलिस्ट, स्वच्छ पिवळं हवं, हिरवट किंवा तपकिरी झालं असेल तर ती बाटली वापरू नका. बोरॉनिक ॲसिड पाणी गमावून बोरॉक्सिन होतं, त्यामुळे काट्यावरच्या वजनावर फार विसंबू नका, थोडं जास्तच घ्या. सोबत तुमच्या लॅबच्या नोंदवहीचं पानही पाठवलंत, रंग कधी बदलला त्याच्या वेळेसकट. त्यानंतर माझी रिॲक्शन चालली. मनापासून आभार.

पण हे जाहीर पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठीच नाही. त्या उत्तरानंतर मी तुमचे निबंध सुरुवातीपासून वाचले. आधीची वर्षं नैसर्गिक संयुगांच्या टोटल सिंथेसिसची, म्हणजे ती साध्या रसायनांपासून लॅबमध्ये पूर्ण बनवण्याची, मग तिथे अडलेल्या पायऱ्यांमधून जन्मलेल्या नव्या पद्धती. प्रत्येक ठिकाणी प्रयोगाचा भाग असा लिहिलेला की दुसऱ्या लॅबमधल्या माणसाला तो जसाच्या तसा करता यावा. न चाललेले सबस्ट्रेटही, म्हणजे ज्यांच्यावर पद्धत लागू पडली नाही ते रेणूही, तुम्ही तक्त्यात ठेवलेत. आमच्या क्षेत्रात हे अजूनही दुर्मीळ आहे आणि मला त्याचं फार मोल वाटतं.

मग तुम्हाला कोण सायट करतं, म्हणजे आपल्या निबंधात तुमचा संदर्भ देतं, तेही पाहिलं. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला: किमान वीस सायटेशन्स असलेले वीस निबंध असतील तर एच-इंडेक्स वीस. नेमणुका आणि बढत्यांच्या वेळी आपण सगळेच तो आकडा बघतो. पण प्रस्तावनेत दहा जणांच्या रांगेत आलेला संदर्भ आणि ‘ही रिॲक्शन या पद्धतीने केली’ असं सांगणारा संदर्भ, दोन्ही त्यात एकच धरले जातात. तुमच्याकडे या दुसऱ्या प्रकारचे इतके आहेत की मी वाचतच राहिले. औषधांवर काम करणारे, पॉलिमरवाले, ओएलईडीचे पदार्थ बनवणारे, सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये तुमची पद्धत फिरते आहे.

सेंद्रिय रसायनात सर्वाधिक सायट झालेल्या निबंधांत असे कामाला येणारे निबंध आहेतच. स्टिल, कान आणि मित्रा यांचा फ्लॅश कॉलमवरचा, म्हणजे मिश्रणातले पदार्थ झटपट वेगळे करण्याच्या पद्धतीवरचा, १९७८ चा निबंध घ्या. किंवा गॉटलिब आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा, एनएमआरमधल्या (रेणूची रचना ओळखायच्या तंत्रातल्या) सॉल्व्हंटच्या अशुद्धींचा तक्ता: सीडीसीएल-थ्री या सॉल्व्हंटमध्ये ॲसिटोनचं पीक २.१७ पीपीएमला, पाण्याचं १.५६ ला. त्यात नवा रेणू नाही, नवा सिद्धांत नाही. पण स्पेक्ट्रममध्ये अनोळखी पीक दिसलं की आधी तोच तक्ता उघडतो आपण. उलटंही होतं. एखादी पद्धत इतकी रुळते की लोक फक्त तिचं नाव लिहितात आणि मूळ निबंध संदर्भात येतच नाही. सुझुकी आणि मियाउरा यांच्या १९७९ च्या कामाचं बऱ्याच ठिकाणी तेच झालंय. तुमच्या एका पद्धतीचंही आता तसंच होऊ लागलंय. आकडा त्यामुळे कमी भरेल; मला मात्र तो तुमचा मोठा मान वाटतो.

आमच्या ग्रुपचा नवा निबंध नुकताच स्वीकारला गेला. तुमचा संदर्भ प्रयोगाच्या भागात दिला आहे, जिथे तो वापरला तिथेच. ऑर्थो जागी, म्हणजे जोडाच्या अगदी शेजारी, दोन गट असलेल्या सबस्ट्रेटवर यील्ड अजून कमी येतं. लिगँड, म्हणजे पॅलेडियमला जोडलेला रेणू, बदलून पाहतोय; काही हाती लागलं की नोंदवहीच्या पानासह कळवते.

आपली कृतज्ञ,
तुमची एक वाचक आणि सेंद्रिय रसायनातली संशोधक