घर क्रमांक 14 आणि 15 मधल्या पावसाळी नालीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
रो-हाउस सहकारी गृहरचना संस्था, पुणे

स.न.वि.वि.

गेल्या जुलैत रात्री दोनच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारली. खाली उतरले तर त्यांच्या खाटेखाली घोटाभर पाणी, चपला तरंगत होत्या. पाणी दारातून आले नव्हते. मागच्या भिंतीच्या बुडातून झिरपत होते. त्या भिंतीला आता कमरेपर्यंत ओल आहे. दोनदा प्लास्टर केले, दोन्ही वेळा पोपडे धरून पडले.

कारण मी स्वतः तपासले. शेजारच्यांनी बाजूच्या मोकळ्या जागेत फरशी बसवली तेव्हा दोन घरांमधली नाली त्यांच्या बाजूने बुजली आणि गच्चीचा पाइप माझ्या भिंतीकडे वळला. मी नालीत बादलीभर पाणी ओतून पाहिले. ते चेंबरकडे गेलेच नाही, माझ्या खिडकीखाली येऊन थांबले. त्यांची गच्ची साधारण 80 चौरस मीटर. 50 मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यावर 4,000 लिटर पाणी पडते. हजार लिटरच्या चार टाक्या माझ्या भिंतीशी रिकाम्या कराव्यात, तसे हे आहे.

माझे घर उतारावर खाली आहे. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक उताराने खाली येणार, ते मला अडवता येत नाही; 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातही (दुसऱ्याच्या जमिनीवरील वापराच्या हक्कांचा कायदा) तसेच आहे. पण गच्चीचे पाणी पाइपात गोळा करून एकाच जागी सोडणे हा नैसर्गिक उतार नव्हे. त्याच कायद्याप्रमाणे अशी वहिवाट उघडपणे, विनाहरकत 20 वर्षे चालली तर तिचा हक्क होऊन बसतो. म्हणून माझी हरकत आज लेखी नोंदवते.

शेजाऱ्यांशी माझे भांडण नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हा त्यांच्याच गाडीतून आम्ही दवाखाना गाठला. पण मागच्या वेळी "तुम्ही दोघे आपसात मिटवा" असे समितीकडून उत्तर आले, ते मला मान्य नाही. नाली दोघांची खासगी नाही. गृहरचना संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, ड्रेनेज लाइन, कंपाउंड वॉल, अंतर्गत रस्ते यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. शिवाय फरशी बसवायला समितीची परवानगी होती की नाही, हेही समितीनेच पाहायला हवे.

पावसाला महिनाही उरलेला नाही. फरशीचा तेवढा पट्टा उचलून नाली मूळ खोलीपर्यंत मोकळी करावी, उतार चेंबरकडे द्यावा आणि तोंडाला जाळी बसवावी. पाइपाचे तोंड नालीत आणणे शेजाऱ्यांच्या खर्चाने व्हावे, नालीचे काम संस्थेने करावे. एक कळकळीची विनंती: घाईघाईत हे पाणी सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका. मोठ्या पावसात ती लाइन तुंबली की मैलापाणी उलटून घराघरांतल्या न्हाणीत येते, आणि पहिले घर पुन्हा उतारावरचेच असते.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता समितीने प्रत्यक्ष पाहणीला यावे. शेजाऱ्यांनाही मी सांगितले आहे, ते हजर राहणार आहेत. चेंबरचे झाकण उघडून, दोन बादल्या भरून ठेवते.

कळावे,
आपली विश्वासू,
सभासद, घर क्रमांक 14