रॉबर्ट मॉरिसने युद्धाचा खर्च ‘खिशातून’ केला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत फिलाडेल्फियाचा व्यापारी रॉबर्ट मॉरिस याच्यावर लेख आला, याचा आनंद झाला. मराठीत वॉशिंग्टन, जेफर्सन, फ्रँकलिन यांच्यापुढे सहसा कोणी जात नाही. पण लेखातल्या दोन गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात. ठाण्यातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले अशी कात्रणे वहीत चिकटवून ठेवतात, म्हणून हे पत्र.

पहिली दुरुस्ती लहान आहे. लेखात रॉबर्ट मॉरिस आणि गव्हर्नर मॉरिस यांना भाऊ म्हटले आहे, पण ते भाऊ नव्हते, नात्यातलेही नव्हते. रॉबर्ट १७३४ साली लिव्हरपूलला जन्मला आणि तेराव्या वर्षी मेरीलँडला आला. दुसरा न्यू यॉर्कच्या जमीनदार घराण्यातला, वित्त खात्यात रॉबर्टचा सहायक. ‘गव्हर्नर’ हे त्याचे पाळण्यातले नाव, पद नव्हे.

दुसरी चूक मोठी आहे. ‘मॉरिसने स्वतःच्या खिशातून स्वातंत्र्ययुद्ध लढवले’ हे वाक्य शंभर ठिकाणी छापून आले असले, तरी त्यामुळे त्याचे खरे काम झाकले जाते. फेब्रुवारी १७८१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेरा राज्यांच्या संयुक्त सभेने, त्याला वित्तप्रमुख नेमले, तेव्हा काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. तेरा राज्यांकडे मागणी करायची आणि वाट बघायची, एवढेच तिच्या हाती होते. तोवर नोटा छापून भागवले गेले. १७७९ अखेर २० कोटी डॉलरच्या नोटा बाजारात होत्या आणि मार्च १७८० मध्ये खुद्द काँग्रेसनेच ४० कागदी डॉलरला चांदीचा १ डॉलर हा भाव मान्य केला. सरकारची पत संपली होती. मॉरिसची शाबूत होती.

म्हणून त्याने स्वतःच्या सहीच्या नोटा काढल्या. त्या त्याच्या रोखपालावर, जॉन स्वॉनविकवर, काढलेल्या असत. आपल्याकडच्या भाषेत त्या हुंड्याच म्हणायच्या. काही दर्शनी, म्हणजे दाखवताच पैसे देण्याच्या, काही मुदती. लोक त्यांना मुदतीप्रमाणे ‘लाँग बॉब’ आणि ‘शॉर्ट बॉब’ म्हणत. वाशीच्या घाऊक बाजारात नुसत्या चिठ्ठीवर माल उचलणाऱ्याला यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. कागद चालतो तो सही करणारा वेळेवर पैसे मोजेल या भरवशावर, आणि कागद परत येण्याच्या आत कुठून तरी रोकड यावीच लागते. मॉरिसची अडचण तिथेच होती. राज्यांकडून कर वेळेवर येत नसत. फिलाडेल्फियापासून जितके दूर जावे तितका नोटेवरचा बट्टा, म्हणजे छापील किमतीतली कपात, वाढे. १७८३ मध्ये सैन्य घरी पाठवताना तीन महिन्यांचा पगारही याच कागदांनी दिला गेला.

रोकड लागली तिथे ती उसनीच आणली गेली. यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईच्या वाटेवर सैनिकांना एक महिन्याचा पगार नाण्यांत द्यायचा होता. त्यासाठी मॉरिसने फ्रेंच सेनापती रोशाम्बोकडून सुमारे २०,००० डॉलर घेतले. जानेवारी १७८२ मध्ये उघडलेल्या बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेचे भांडवल ४ लाख डॉलर ठरले होते, ४०० डॉलरचा एक असे १,००० शेअर. खाजगी गुंतवणूकदारांनी त्यातले थोडेच उचलले. मोठी भर, सुमारे २,५४,००० डॉलर, सरकारने फ्रान्सहून बोस्टनला उतरलेल्या चांदीतून घातली आणि मग त्याच बँकेकडून कर्ज काढले. ती चांदी बैलगाड्यांतून फिलाडेल्फियाला आणली होती.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची खरेदीतली सुधारणा, आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. पूर्वी सैन्याला रसद पुरवणारे अधिकारी खर्चावर दलाली घेत. जितकी महाग खरेदी, तितकी त्यांची कमाई. मॉरिसने माणशी रोजच्या शिध्याचा दर ठरवून निविदा मागवल्या. दर ठरल्यावर उधळपट्टीचा तोटा कंत्राटदाराचा झाला. पुढे मात्र सरकारच कंत्राटदारांचे पैसे वेळेवर देऊ शकले नाही. आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती, ती म्हणजे ‘विलिंग अँड मॉरिस’ या त्याच्या पेढीने गुलामांचाही व्यापार केला होता.

‘अखेर कंगाल झाला’ असे म्हणून लेखाने जी अखेर एका ओळीत उरकली, तिची कारणेही पुढे रोकड येईल या भरवशावर सही करण्याच्या त्याच सवयीत आहेत. १७८९ ते १७९५ तो सिनेटर होता. त्याच काळात ग्रीनलीफ आणि निकल्सन या भागीदारांबरोबर त्याने नव्या राजधानीतले, म्हणजे वॉशिंग्टन शहरातले, ६,००० प्लॉट सरासरी ८० डॉलरने, सात वार्षिक हप्त्यांत घेतले. ॲमस्टरडॅमच्या सावकारांकडून कर्ज मिळेल या हिशेबावर हा सौदा होता. १७९५ च्या जानेवारीत फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये शिरल्या आणि ती वाट जवळपास बंद झाली. त्यानंतर मॉरिस आणि निकल्सन एकमेकांच्या नोटांवर सह्या करत राहिले. शिवाय ६० लाख एकरांच्या जमीन कंपनीत भागधारकांना ६ टक्के लाभांशाची हमी देऊन बसले. पडीक जमीन दरसाल रोकड देत नाही. सरकारसाठी सही करताना मागे फ्रान्सची चांदी होती, इथे मागे काहीच नव्हते.

फेब्रुवारी १७९८ ते ऑगस्ट १८०१ तो फिलाडेल्फियाच्या प्रून स्ट्रीटवरील कर्जदारांच्या तुरुंगात होता. वॉशिंग्टन त्याला तिथे भेटून गेले, त्याच्याबरोबर जेवले. १८०० च्या दिवाळखोरी कायद्याने तो सुटला तेव्हा देणे सुमारे ३० लाख डॉलर निघाले. १८०६ मध्ये तो वारला. शेवटची वर्षे घर चालले ते पत्नी मेरीमुळे. त्याने विकलेल्या न्यू यॉर्कच्या जमिनीवर तिचा विधवाहक्क, म्हणजे पतीच्या जमिनीतला पत्नीचा कायदेशीर हिस्सा, शिल्लक होता आणि ती जमीन घेणाऱ्या हॉलंड लँड कंपनीला खरेदी निर्धोक करण्यासाठी तिची सही हवी होती. वर उल्लेखलेल्या गव्हर्नर मॉरिसने मध्यस्थी केली आणि त्या सहीच्या बदल्यात तिला वर्षाला १,५०० डॉलर तहहयात मिळवून दिले.

आपला,
एक वाचक, वाशी, नवी मुंबई