जुन्या घराला खोल्या जोडताना

संपादक महोदय,

पार्ले, कलिना किंवा वांद्र्याच्या रणवारमधल्या जुन्या कौलारू घरांबद्दल वाद होतो तो पाडायचे की राखायचे एवढाच. खोल्या कमी पडल्या म्हणून मागच्या अंगणात वाढीव बांधकाम करणारी कुटुंबेही आहेत. त्यांच्या घराचा घात बहुधा जुन्या-नव्याच्या सांध्यात होतो.

जुन्या भिंती चुन्यातल्या, केव्हाच बसलेल्या. नवे बांधकाम मात्र सुरुवातीची काही वर्षे खचत राहते. कंत्राटदार दोन खांब वाचवायला जुन्या भिंतीत खोबण पाडून स्लॅब टेकवतो, आणि मग तिरकी भेग ठरलेलीच. वाढीव भागाला स्वतःचा पाया, स्वतःचे खांब हवेत. एकमजली कामात मध्ये ५० मिमी फट सोडावी, तीत दबणारा फिलर बोर्ड व वरून सीलंट भरावे. फट झाकणारी पट्टी एकाच बाजूला स्क्रूने बसवावी. दोन्हीकडे आवळली की तीच उचकटते. जुना पाया बहुधा उथळ निघतो, म्हणून आधी चाचणी खड्डा घ्यावा. भिंतीलगत त्याहून खोल सलग चर खणणे म्हणजे भिंतीचा आधार काढून घेणे. खांब मीटरभर लांब ठेवून स्लॅब कॅन्टिलिव्हरने, म्हणजे पुढच्या टोकाला आधार न देता, पुढे आणलेला बरा.

दुसरा शत्रू पाणी. उतरते कौलारू छप्पर नव्या उभ्या भिंतीला भिडवले की तिथली पन्हळ पानांनी तुंबते आणि पाणी उलटे घरात शिरते. नवे छप्पर वळचणीखालीच थांबवावे. पन्हळ टाळता आली नाही, तर ती निदान ३०० मिमी रुंद ठेवावी, म्हणजे पाय ठेवून साफ करता येते. जास्तीचे पाणी बाहेर पडायचे भोक कौलांच्या कडेपेक्षा खाली असावे. ओल दिसली म्हणून जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र देऊ नये. ओल आत कोंडते, क्षार फुटतात. चुन्याचाच गिलावा हवा.

स्वयंपाकघर, न्हाणीघर नव्या भागात न्यावे; जुन्या घराची लाकडी तक्तपोशी (छताच्या फळ्या) ओलीपासून वाचते. व्हरांड्याला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून खोली काढणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय. मधली खोली अंधारी, कोंदट होते. ये-जा करायला एखाद्या खिडकीखालची भिंत उतरवून तेवढ्याच रुंदीचे दार करावे, कमानीला हात लावू नये.

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. घर वारसा वास्तूंच्या यादीत असेल तर आधी त्याची श्रेणी पाहावी. दोन-ब या मधल्या श्रेणीतही काही परिस्थितीत, उंची आणि दर्शनी भाग मूळ वास्तूशी सुसंगत असल्यास, वाढीव बांधकामाला मुभा मिळू शकते. त्यासाठी फायबरच्या कमानी चिकटवायची गरज नसते. वळचणीपेक्षा बुटकी, साधी, चुना दिलेली भिंत पुरते.

– एक वास्तुरचनाकार, विलेपार्ले