तोंड वाकडं झालं तर पहिले तीन दिवस घालवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी २२ वर्षं लग्नाच्या बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवतो. गेल्या वैशाखात वरात आटोपून पहाटे घरी आलो. सकाळी चूळ भरली, तर पाणी उजव्या कोपऱ्यातून शर्टावर. आरशात पाहिलं, उजवा डोळा मिटेना, तोंड डावीकडे ओढलेलं. टेम्पोत वारं लागलं, असं सगळे म्हणाले. कुणी दृष्ट काढली, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. मीही ऐकत गेलो. पाच दिवस त्यात गेले.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी भुवया वर करायला लावल्या. उजव्या कपाळावर एकही आठी पडली नाही. त्यावरूनच ते म्हणाले, हा मेंदूचा झटका नव्हे, चेहऱ्याची सातवी नस सुजली आहे, बेल्स पाल्सी. स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. माझे ते तास केव्हाच उलटून गेले होते.

गालातल्या एका स्नायूचं नाव बक्सिनेटर. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच तुतारी वाजवणारा, असं फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं तेव्हा मला रडू आवरेना. कारण तीन आठवड्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला, तर सूर नाहीच, कोपऱ्यातून नुसती फुस्स हवा. मी माउथपीस इतका दाबला की ओठांवर गोल वळ उठला. ताई रागावल्या. जोर करायचा नाही, म्हणाल्या. मग आरशासमोर नुसता माउथपीस, उजवा कोपरा बोटाने धरून, रोज पाच मिनिटं. त्यानंतर फक्त खालचे सूर. गणपतीत आरतीची एक ओळ सलग निघाली. अजूनही फुंकताना उजवा डोळा आपोआप बारीक होतो आणि वरचे सूर टिकत नाहीत. सध्या बॅण्डमध्ये मी झांज धरतो. मालकांनी काम काढून घेतलं नाही, हे फार मोठं.

आमच्यातल्या पोरांना एवढंच सांगायचंय: तोंड वाकडं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली, तर तासभरही थांबू नका, थेट मोठं हॉस्पिटल.

तुळशीचं लग्न झालं की पुन्हा रात्ररात्र वराती सुरू होतील. त्याआधी हे पत्र छापलंत तर उपकार होतील.

आपला,
एक ट्रम्पेटवादक, मिरज