फातोर्ड्याचं बिल एकट्या खालिदच्या नावावर फाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुधवारचा तुमचा अंक बघितला. क्रीडापानावर वरती दिल्लीची टेस्ट, वेस्ट इंडिजला हरवलं, सिरीज २-०, मोठा फोटो, पूर्ण स्कोअरकार्ड, दोन चौकटी, सगळं झकास. क्रिकेट जिंकलं तर छापणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आपली फुटबॉल टीम सिंगापूरकडून १-२ हरली आणि २०२७ च्या आशिया कपच्या पात्रता फेरीतून बाहेर पडली, ती बातमी खाली जाहिरातीच्या डोक्यावर चार ओळीत. गोल कुणी मारले ते पण नाही. आणि गुरुवारी मात्र एक लांबलचक लेख, की कोच खालिद जमीलला जमत नाही, बदला. म्हणजे मॅच दाखवायला जागा नाही, बोट दाखवायला अर्धं पान!

मी कोल्हापूरचा, ती मॅच बघायला आम्ही मित्र आंबोली उतरून फातोर्ड्याला गेलो होतो म्हणून लिहितोय.

आधी मॅचचं सांगतो, तुमच्याकडं राहिलंय म्हणून. त्याआधी ९ तारखेला सिंगापूरला जाऊन आपण १-१ केली होती, सेकंड हाफ सुरू होतोय तोवर आपला डिफेंडर झिंगन रेड कार्ड खाऊन बाहेर, दहा जणांत खेळलो, आणि ९० व्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी साधली. त्यामुळं घरच्या ग्राउंडवर आता हाणतोय असंच सगळ्यांना वाटत होतं, रँकिंगमध्ये पण आपण १३४ आणि ते १५८. १४ व्या मिनिटाला आपल्या मुंबई सिटीच्या छांगटेनं डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीच्या, बाहेरून जो शॉट मारला, कीपरनं नुसता बघितला. स्टँडमध्ये शेजारचा अनोळखी गोंयकार माझ्या गळ्यात पडला होता, हातातला चहा माझ्या जर्सीवर, कुणाला पर्वा नाही.

आणि मग काय झालं तर काहीच झालं नाही. हेच तर दुखणं आहे. एक गोल झाला की आपली लाईन मागं सरकायला लागते, मिडफिल्डवाले डिफेंडरच्या अंगावर येऊन उभे राहतात, बॉल मिळाला की लांब फेकून द्यायचा, तो परत येतो, परत फेकायचा. ४४ व्या मिनिटाला, हाफ टाईमला मिनिटभर राहिलेलं असताना, त्यांच्या साँग उई यंगनं बरोबरी केली. अहो ते एक मिनिट काढायचं होतं फक्त! ५८ व्याला परत तोच साँग, परत मोकळा. त्यानंतर अर्धा तास हातात होता, आपल्याला एक गोल होईना. आमच्या मागच्या रांगेत एक काका सारखे ओरडत होते, "मार की रे, नुसता फिरवतोस काय", आणि खरंच, डीजवळ गेलं की प्रत्येक जण बॉल दुसऱ्याला देत होता, जसं काय मारला तर दंड बसणाराय.

आता ह्यात कोचची चूक नाही का? आहे. आघाडीवर असताना टीम एवढी मागं का गेली ह्याचं उत्तर खालिदनंच द्यायला पाहिजे. पण तुमच्या लेखात असं लिहिलंय जसं काय गाडी एकट्या त्यानंच दरीत घातली. हा माणूस ऑगस्टमध्ये आला. त्याआधी मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०, जूनमध्ये हाँगकाँगला भरपाई वेळेत पेनल्टी देऊन ०-१, हे सगळं आधीचा कोच मानोलो मार्केझच्या काळात, आणि मानोलो तेव्हा एफसी गोवा ह्या क्लबचा पण कोच होता, एकाच वेळी दोन नोकऱ्या! देशाच्या टीमला पार्टटाईम कोच, त्यावर तेव्हा किती लेख आले होते तुमच्याकडं? त्याच्या आधीचा कोच स्टिमाच, त्याला हाकललं, त्याला नुकसानभरपाई द्यावी लागली. कोच बदलून बघणं झालंय सगळं. खालिदनं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा कपला ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात २-१ हरवलं, ओमानला पेनल्टीवर काढून तिसरा नंबर आणला, ते पण मोहन बागान क्लबनं प्लेअर सोडले नव्हते तरी. महिंद्रा युनायटेडकडनं खेळलेला, मुंबईच्या मैदानावरचा माणूस आहे तो, आणि महिंद्राची ती टीम २०१० लाच बंद पडली. पण तो विषय वेगळा, त्यावर मी बोलायला लागलो तर पत्र संपणार नाही.

माझं म्हणणं एवढंच की लेखात लीगबद्दल एक शब्द नाही. आयएसएल, म्हणजे देशातली मोठी फुटबॉल लीग, तिचा शेवटचा सामना एप्रिलमध्ये झाला. नवा सीझन सप्टेंबरात चालू व्हायचा, तो जुलैतच थांबवून ठेवला कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, पुढचं काही ठरलं नव्हतं, प्रकरण सुप्रीम कोर्टात. काही क्लबांनी पगार थांबवले. कुणी ड्युरँड कप खेळला, कुणी तेवढं पण नाही. म्हणजे पोरं घरी बसून, स्वतःच्या स्वतः पळून फिट राहायची, आणि एकदम देशासाठी क्वालिफायर. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा ह्या तालमींच्या टीमची मॅच असली तर सहा महिने ग्राउंडवर न आलेल्या पोराला कुठल्या तालमीचा मॅनेजर फर्स्ट इलेव्हनमध्ये घेईल? पेठेतली लोकं त्या मॅनेजरला घरी जाऊ देणार नाहीत.

दुसरं गोल करणाऱ्याचं. आयएसएलच्या २०२४-२५ सीझनला भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर सुनील छेत्रीचे, १४. वय ४१ झालं. रिटायर झालेला माणूस मार्चमध्ये परत बोलवावा लागला. आणि क्लबवाले नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, बाहेरचा प्लेअर आणून उभा करतात, मग आपला पोरगा एकतर विंगला नाहीतर बेंचवर. त्याला नॅशनल टीममध्ये आल्यावर अचानक गोल कुठनं सुचणार?

आणि कृपा करून ते १४० कोटीतून अकरा जण मिळत नाहीत हे वाक्य छापणं बंद करा, तुमच्या लेखाची सुरुवातच त्यानं झालीय. सिंगापूर ६० लाखांचं, त्यात बाहेरून कामाला आलेले पण धरलेत. प्रश्न माणसं किती हा नाहीच, वर्षाला किती पोरांना किती मॅच मिळतात हा आहे, आणि तो आकडा तुमच्या पेपरात मी कधी वाचला नाही. पाठवा की एक रिपोर्टर जिल्ह्याजिल्ह्यात, १३-१५ वर्षांची पोरं वर्षाला किती मॅच खेळतात विचारा, ग्राउंड लग्नाला भाड्यानं दिलं म्हणून किती रद्द होतात ते पण विचारा.

२०११, २०१९, २०२३ असं आपण आशिया कपला जात होतो, २०१५ सोडून. आता परत घरी बसायचं. येताना गाडीत कुणी बोललं नाही, सावंतवाडीला जेवायला थांबलो तिथं पण नाही, राग होता तो प्लेअरवर कमी आणि दिल्लीत बसून मीटिंगा घेणाऱ्यांवर जास्त.

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशशी मॅच आहे. गटात आता त्याला काही अर्थ उरलेला नाही त्यामुळं आधी तुम्ही एक ओळ पण छापणार नाही. हरलो तर मात्र पहिल्या पानावर घ्याल, खालिदच्या फोटोसकट. निदान त्या बातमीत तरी लीग चालू झाली का नाही ते लिहा, आणि हो, गोल कुणी मारले ते पण.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर