आई ओ, मूल एबी आणि तुमचा लालभडक तक्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला रक्तगटांचा तो रंगीत तक्ता बघितला. डावीकडे आई-वडलांचे गट, उजवीकडे मुलांचे 'शक्य' आणि 'अशक्य' गट, आणि अशक्यवाल्या चौकटी लालभडक. छान छापलाय, शंकाच नाही. कापून फ्रिजवर लावावा इतका छान, आणि मला भीती तीच आहे, कारण लोक खरंच लावतात आणि मग घरातल्या पोरांचे गट त्याच्याशी जुळवत बसतात.

'आई ओ असेल तर मूल एबी होऊच शकत नाही.' होऊच शकत नाही! लिहिणाऱ्यांनी 'सहसा' हा तीन अक्षरी शब्द घातला असता तर जागा कमी पडली असती का?

माझ्या मावसबहिणीचं सांगते. तिचा गट ओ पॉझिटिव्ह, कॉलेजच्या शिबिरात काढलेला, कार्डावर शिक्का मारलेला, नवऱ्याचा बी. मुलगा शाळेत गेला, तिथे तपासणी झाली आणि आयकार्डावर आलं एबी. तिच्या दिराचं डी.फार्म. झालेलं, म्हणजे घरातला डॉक्टरच तो, त्याने मोबाईलवर अस्साच एक तक्ता काढून सगळ्यांना दाखवला, हसत हसत हं, गंमत म्हणून. झालं. तिथून पुढे सासूबाईंना नातवाचं नाक कुणासारखं आहे ते कळेना, रंग कुणाचा ते कळेना, पाहुणे आले की 'आमच्याकडे एवढं गोरं कुणी नाही बाई' सुरू. तोंडावर कुणी काही विचारलं नाही. नवरा तर काहीच बोलला नाही, तिला तेच सगळ्यात जास्त लागलं. वर्षानुवर्षं हे चाललं, आणि कार्डावर छापलेलं असल्यामुळे तीही बिचारी काय बोलणार.

पुढे तिच्या पिशवीचं ऑपरेशन निघालं, हिमोग्लोबिन पार खाली, रक्त लागणार. ओ पॉझिटिव्हच्या बाटल्या भरपूर होत्या पण क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त हिला चालेल का त्या तपासणीला, एक जुळेल तर शपथ. हिचं सिरम (रक्तातल्या पेशी काढल्या की उरतं ते पाणी) टाकलं की दात्याच्या पेशींच्या गुठळ्या. मग सगळे ओ निगेटिव्हच्या मागे धावले, कारण 'ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं' (हेही काल तुमच्या चौकटीत आहेच), तेही जुळेना. शेवटी रक्तपेढीतल्या एका जुन्या टेक्निशियन बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून सगळं केलं, रिव्हर्स ग्रुपिंगसकट, म्हणजे हिचं सिरम माहीत असलेल्या गटांच्या पेशींवर टाकून बघणं, आणि त्यात ओ च्या पेशीही घेतल्या. खऱ्या ओ माणसाचं सिरम ओ च्या पेशींना काही करत नाही. हिच्या सिरमने त्यांच्याही गुठळ्या केल्या. बाँबे ब्लड ग्रुप.

आता हे अशक्य प्रकरण शक्य कसं झालं ते तुमच्या लेखकांसाठी. ए आणि बी हे तांबड्या पेशीवरच्या एच नावाच्या पदार्थावर चढतात. एच हा पाया, ए-बी वरचे मजले. ओ वाल्यांकडे पाया असतो, मजला नसतो. बाँबे वाल्यांकडे पायाच नसतो, त्यामुळे ए चं जनुक असलं तरी ते पेशीवर दिसत नाही, ए तपासायच्या निळ्या बाटलीतला थेंब टाका नाहीतर बी तपासायच्या पिवळ्या, गुठळी होत नाही आणि कार्डावर 'ओ' लिहून मोकळे. पण ते दडलेलं ए मुलाला जाऊ शकतं. मुलाला बापाकडून एच मिळालं, बी मिळालं, आईकडून ए मिळालं, झाला एबी. लेकरू बापाचंच. आणि अशा माणसाच्या सिरममध्ये एचच्या विरोधातली प्रतिद्रव्यंही असतात, म्हणून त्याला ओ निगेटिव्ह दिलं तरी जिवाशी खेळ, त्याला बाँबेवाल्याचंच रक्त लागतं. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक म्हणतात, आणि जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे जास्त. माझ्या मावशीचं लग्न मामाच्या मुलाशीच झालेलं, आपल्याकडे त्यात कुणाला काय नवल. सख्ख्या भावंडात हा गट निघायची शक्यता चारात एक, आणि नशीब म्हणजे तिच्या भावाचा निघाला, त्याने रक्त दिलं, ऑपरेशन पार पडलं.

सासूबाईंनी माफी वगैरे काही मागितली नाही. आता त्या पाहुण्यांना सांगतात, आमच्या सुनेचा गट फार दुर्मिळ आहे, लाखात एक. दीर त्या विषयावर बोलत नाही.

आणि कमाल म्हणजे हा गट सापडला कुठे, तर मुंबईत! डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापलाय. तुम्ही रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनरचा फोटो टाकलात, १९०१ टाकलंत, १९३० चं नोबेल टाकलंत, चांगलंच केलंत, मोठाच माणूस. पण मराठी पेपरात रक्तगटांवर पान भरून लेख आणि भेंड्यांना एक ओळ नाही?

बरं, बाँबे ग्रुप दुर्मिळ म्हणून सोडून देऊ. 'आई-वडील दोघं पॉझिटिव्ह तर मूल पॉझिटिव्हच' हे कुठून आणलंत? दोघांकडेही निगेटिव्हचं जनुक दडलेलं असू शकतं आणि मूल सरळ निगेटिव्ह होतं, ह्यात दुर्मिळ काही नाही, तुमच्या ऑफिसात विचारलंत तरी एखादं घर सापडेल. आणि खाली ती रक्तगटावरून स्वभावाची पट्टी! बी गटवाले म्हणे आपमतलबी. जपानातलं खूळ इकडे कशाला? राशिभविष्य आहे की तेवढ्यासाठी, तिसऱ्या पानावर.

लोक हसण्यावारी नेतील असं वाटत असेल तर तसं नाही. शाळेतल्या नाहीतर शिबिरातल्या दोन थेंबांच्या तपासणीवर आणि तुमच्या तक्त्यावर बायकांच्या चारित्र्याचे निकाल लागतात. तेव्हा दुरुस्ती छापा, त्याच पुरवणीत, तेवढ्याच आकारात आणि रंगीत. आतल्या पानावर टेंडर नोटिशीच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात नको.

जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरं दुसऱ्या दिवशी देण्याची पद्धत बंद केलीत का? शनिवारचं आडवं सात अजून अडलंय.

आपली,
एक जुनी वाचक, कराड
(नाव छापू नये. मावसबहिणीच्या सासरी तुमचाच पेपर येतो.)